मांजरीला गोचिडी, हिरड्या पांढुरक्या, हिमॅटोक्रिट १९: याला ‘टिक फीवर’च समजायचं का?

खिडकीतली_माऊ

मांजरी ३ वर्षांची, वजन ३.४ किलो, नसबंदी झालेली. पुणे, तळमजला, मागे उघडी गॅलरी. पार्किंगमध्ये सोसायटीची तीन कुत्री झोपतात आणि तिघांच्याही कानात गोचिडी आहेत. मांजरीच्या उजव्या कानाच्या कडेला दोन निघाल्या. एक रक्त पिऊन राखाडी, मटाराएवढी झालेली आणि दुसरी चपटी, तपकिरी. चार दिवस खाणं निम्म्यावर, ताप १०३.६ फॅरनहाइट, हिरड्या फिकट. रक्ताचा रिपोर्ट असा: हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा) १९ टक्के, पांढऱ्या पेशी ठीक, मशीनवर प्लेटलेट ४२ हजार, स्मिअरवर (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तावर) शेरा ‘हिमोबार्टोनेलाचा संशय’. ‘टिक फीवर’ म्हणून डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक) लिहून मिळालंय, अजून सुरू केलेलं नाही.

प्रश्न तीन. कुत्र्यांना होतो तोच हा टिक फीवर का? कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या औषधाची पिपेट घरात आहे, त्यातलं अर्धं मांजरीला चालेल का? आणि घरात सात वर्षांचं मूल आहे, त्याला काही धोका?

शेपटीचा_डॉक्टर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरावर मांजरी आज रात्री जिवंत राहते की नाही ते ठरतं. ती पिपेट उघडू नका.

कुत्र्यांच्या बऱ्याच पिपेटमध्ये पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं. १० ते २५ किलोच्या कुत्र्याची २.५ मिलीची पिपेट घ्या. मिलीला ५०० मिग्रॅ म्हणजे एकूण १२५० मिग्रॅ. अर्धी टाकली तर ६२५ आणि ३.४ ने भागलं की किलोला साधारण १८४ मिग्रॅ. मांजराच्या कातडीवर किलोला १०० मिग्रॅलाच जीवघेणी विषबाधा झालेली आहे. ‘अर्धं चालेल’ हा हिशेब इथे लागूच पडत नाही, कारण फरक वजनाचा नसून यकृताचा आहे. हे औषध मोडून बाहेर टाकायला लागणारी ग्लुकुरोनिडेशनची वाट मांजरात फार अरुंद असते. कुत्र्याचं यकृत जे सहज निस्तरतं, ते मांजराच्या मज्जासंस्थेत साचत राहतं.

खेड्यात गाईम्हशींवर फवारतात ते डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन याच कुळातलं. अमिट्राझ वेगळ्या कुळातलं, पण मांजराला तेही नको. ‘एक थेंब बादलीभर पाण्यात’ हा सल्ला दर पावसाळ्यात कुणीतरी देतंच.

चुकून टाकलं गेलं असेल तर भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी घेऊन लगेच धुवा, दोनतीन वेळा. गरम पाणी नको, त्याने कातडीतला रक्तपुरवठा वाढून औषध जास्त शोषलं जातं. धुतल्यावर पुसून कोरडं करून उबेत ठेवा, कारण गारठलं की झटके वाढतात. दूध, तूप, तेल काही पाजू नका. कान फडफडणं, कातडी थरथरणं ही सुरुवात. ती तासाभरातही होते आणि दुसऱ्या दिवशीही, त्यामुळे ‘अजून काही झालं नाही’ म्हणून घरी थांबू नका. दवाखान्यात मेथोकार्बामॉल (थरथर थांबवणारं औषध) आणि गरज पडली तर शिरेतून लिपिड देतात. वेळेत पोचलेली बहुतेक मांजरं वाचतात.

आता पहिला प्रश्न. कुत्र्यातला टिक फीवर म्हणजे बहुतेक वेळा एर्लिकिया (जिवाणू) किंवा बबेसिया (तांबड्या पेशीतला परजीवी). आपल्याकडची तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, हे दोन्ही कुत्र्यांत पसरवते. मांजरात एर्लिकिया क्वचित. मांजरांचा बबेसिया म्हणून जो ओळखला जातो तो बबेसिया फेलिस मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत, आणि त्यावर कुत्र्यांचं इमिडोकार्ब चालतही नाही. तुमच्या रिपोर्टवरचं ‘हिमोबार्टोनेला’ हे जुनं नाव. आता त्याला मायकोप्लाझ्मा हिमोफेलिस म्हणतात. तो तांबड्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून बसणारा जिवाणू आहे. आणि गंमत अशी की तो गोचिडीतून येतो हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. संशय पिसवांवर आणि बोक्यांच्या मारामारीतल्या चाव्यांवर जास्त आहे. कानावर गोचीड दिसली आणि हिरड्या फिकट दिसल्या, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं धरू नका.

लेन्सखाली

प्लेटलेट ४२ हजार हा आकडा सध्या बाजूला ठेवा. मांजराच्या प्लेटलेट रक्त काढताकाढताच गुठळ्या करतात. मशीन आकारावरून मोजतं, त्यामुळे गुठळी एक तर मोजलीच जात नाही किंवा भलत्याच पेशींत जमा होते. एर्लिकियाचा संशय याच खोट्या आकड्यावर सर्वात जास्त घेतला जातो.

लॅबला सांगा, स्मिअरच्या पातळ टोकाला गुठळ्या आहेत का ते आधी बघा. नसतील तर ऑइल इमर्शनखाली दहा क्षेत्रं मोजून सरासरी काढा आणि तिला १५ ते २० हजारांनी गुणा. क्षेत्राला १० ते १२ प्लेटलेट दिसत असतील तर संख्या ठीक. गुठळ्या असतील तर ‘संख्या पुरेशी, गुठळ्या आहेत’ एवढंच लिहिता येतं आणि तेवढं पुरतं.

दुसरं, ‘संशय’ हा शेरा. हिमोप्लाझ्मा, म्हणजे हिमोफेलिस आणि त्याचे भाऊबंद, स्मिअरवर दिसणं हा निम्मा नशिबाचा भाग. हे जंतू रक्तात लाटांनी येतात, सकाळी दिसले तर संध्याकाळी गायब. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणारं रसायन) रक्त काही तास पडून राहिलं की ते पेशीवरून सुटतात. उलट बाजूने, स्मिअर रंगवायचा लेशमनचा रंग गाळून घेतला नाही तर त्याचे बारीक कण हुबेहूब तसेच दिसतात. हॉवेल-जॉली बॉडीनेही (तांबड्या पेशीत उरलेला केंद्रकाचा ठिपका) फसगत होते. स्मिअर करायचाच तर कानाच्या टोचलेल्या थेंबाचा, ईडीटीएशिवाय, जागेवर. आणि पीसीआर (जंतूची जनुकीय चाचणी) करायची असेल तर नमुना डॉक्सीचा पहिला डोस देण्याआधी घ्या. दोनतीन दिवसांच्या गोळ्यांनी जंतूंची संख्या इतकी घटते की निगेटिव्हला अर्थ उरत नाही.

पीसीआरमध्ये प्रजात लिहून मागा. हिमोफेलिस आला तर १९ हिमॅटोक्रिटचं कारण मिळालं. ‘हिमोमिन्युटम’ आला तर मात्र थांबून विचार करा. तो धडधाकट मांजरांतही सापडतो आणि एकटा असताना एवढा ॲनिमिया सहसा करत नाही. त्याच नळीतून रेटिक्युलोसाइट (नव्या, कच्च्या तांबड्या पेशी) मोजून घ्या, आणि एफईएलव्ही-एफआयव्हीची (मांजरांचे ल्युकेमिया आणि एड्ससारखे विषाणू) किट चाचणी करा. रेटिक वाढलेले नसतील तर अस्थिमज्जाच रक्त करत नाहीये, मग गोचीड, जिवाणू सगळं सोडून ल्युकेमिया विषाणूकडे बघावं लागेल.

शेपटीचा_डॉक्टर

लेन्सखालींशी सहमत, पण एक दुरुस्ती. पीसीआरचा नमुना काढून झाला की रिपोर्टसाठी चारपाच दिवस थांबू नका. १९ आणि ताप असताना डॉक्सी त्याच दिवशी सुरू.

डोस किलोला १० मिग्रॅ रोज, म्हणजे हिला दिवसाला ३४ मिग्रॅ, एकदाच किंवा दोन भागांत, २ ते ४ आठवडे. बाजारात १०० मिग्रॅची गोळी मिळते, तिचे अंदाजाने तुकडे करण्यापेक्षा डॉक्टरांकडून मापून घ्या. कॅप्सूल फोडून भुकटी देऊ नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डॉक्सी कोरडी गिळवू नका. मांजराच्या अन्ननलिकेत गोळी अडकून राहते, तिथे भाजल्यासारखी जखम होते आणि दोनतीन आठवड्यांनी नलिका आकसते. मग जेवण गिळलं की उलटून पडतं आणि तो आजार मूळ आजारापेक्षा चिवट. गोळीमागे सिरिंजने ५-६ मिली पाणी किंवा चमचाभर ओलं खाणं हवंच. दुधातून नको, कॅल्शियमला डॉक्सी चिकटते आणि कमी शोषली जाते.

रोज हिरड्या बघा आणि झोपेत श्वास मोजा. मिनिटाला ४० च्या वर जायला लागला किंवा हिमॅटोक्रिट १५ च्या खाली आला तर रक्त देण्याची तयारी ठेवा. मांजरांना मुळातच दुसऱ्या गटाविरुद्धच्या प्रतिपिंडी असतात. बी गटाच्या मांजराला ए गटाचं थोडंसं रक्तही मारू शकतं. ‘पहिल्यांदा कुठलंही चालतं’ हे कुत्र्याचं, मांजराचं नाही. गट आणि क्रॉसमॅच (दोन्ही रक्तं जुळतात का ते बघणं), दोन्ही.

तापासाठी पॅरासिटामॉल अजिबात नाही. ५०० च्या गोळीचा छोटा तुकडाही मांजराचं रक्त ऑक्सिजन वाहायला निकामी करतो, हिरड्या चॉकलेटी पडतात. इथे तर आधीच रक्त कमी.

जिन्याखालचा

माऊताई, मांजरीवर दोन सापडल्या म्हणजे पार्किंगमध्ये दोनशे आहेत असं धरून चाला. ही गोचीड मुळात कुत्र्याची. मांजर तिच्या लेखी रस्त्यात भेटलेलं जेवण. शिवाय मांजर दिवसभर अंग चाटतं, त्यात निम्म्या गिळल्या जातात, म्हणून दिसतात कमी. डोकं, कानाच्या घड्या, हनुवटीखाली, मानेची मागची बाजू, म्हणजे जिथे जीभ पोचत नाही तिथेच उरतात. शिवाय बोटांच्या बेचक्यात बघा. (पोटावरची बोंडं ओढू नका. हसू नका, लोक ओढतात.)

तिचा हिशेब असा. पोट भरलेली मादी कुत्र्यावरून गळून पडते आणि वर चढते. भिंतीच्या पोपड्यात, मीटरबॉक्सच्या मागे, दाराच्या चौकटीत, जिन्याच्या खालच्या बाजूला जाऊन हजारोंनी अंडी घालते. चार हजारांपर्यंत. उन्हाळ्यात साधारण तीन आठवड्यांत त्यातून सहा पायांची, खसखशीएवढी पिल्लं निघतात. मग प्रत्येक टप्प्याला एकदा रक्त, एकदा भिंत, पुन्हा रक्त. उपाशी प्रौढ गोचीड वर्षभराहून जास्त तग धरते. म्हणून नुसती फरशी पुसून काही होत नाही, आणि एक फवारणी करून ‘पेस्ट कंट्रोल फेल गेलं’ म्हणणंही बरोबर नाही. अंड्यांवर औषध चालत नाही, ती फुटल्यावर दुसरा हात मारावाच लागतो. १५ ते २० दिवसांच्या अंतराने निदान तीनदा.

क्रम महत्त्वाचा. आधी तिन्ही कुत्री एकाच दिवशी. आयसोऑक्झाझोलिन गटातली चावायची गोळी वजनाप्रमाणे, फ्लुरालॅनरची तीन महिने पुरते, ॲफॉक्सोलॅनरची महिनाभर. ही कुत्री मग चालतीफिरती सापळे होतात, जी गोचीड चढेल ती मरेल. फिट्स येणारं कुत्रं असेल तर आधी विचारून. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१८ मध्ये या गटाबद्दल तशी सूचना काढलेली आहे. पर्मेथ्रिनची पिपेट सोसायटीच्या कुत्र्यांवरही नको, कारण मांजरं त्यांच्याशेजारी झोपतात आणि चाटतात.

मग भिंती. पोपडे खरवडा, भेगा व्हाइट सिमेंटने बुजवा, त्यानंतर फवारणी जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत आणि कोपऱ्यांत छतापर्यंत. पेस्ट कंट्रोलवाला वापरतो ते बहुधा सिंथेटिक पायरेथ्रॉइडच असतं, त्यामुळे मांजरी पूर्ण वाळेपर्यंत बंद खोलीत. पूर्ण म्हणजे हाताला ओल लागत नाही इतकं. मांजरीचं अंथरूण ६० अंशाच्या पाण्यात धुवा. व्हॅक्यूमची पिशवी त्याच दिवशी बांधून बाहेर. आणि फिनाईलने फरशी पुसणं बंद करा, गोचीड मरत नाही आणि मांजर पंजे चाटून फिनॉल पोटात घेतं.

सावंतवाडीकर

मुलाच्या प्रश्नाबद्दल. आजारी मांजरीपासून मुलाला काही लागेल याची भीती कमी. भीती त्या भिंतीतल्या गोचिडीची. तीच तपकिरी गोचीड रिकेट्सिया कोनोराय वाहते, म्हणजे इंडियन टिक टायफस. ताप, डोकेदुखी, आणि दोनचार दिवसांनी पुरळ, जे तळहाततळपायांवरही येतं. डेंग्यू समजून दिवस जातात. ताप आला तर ‘घरात कुत्र्याच्या गोचिडी आहेत’ हे वाक्य डॉक्टरांना न विचारता सांगा, उपचार स्वस्त आणि सोपा आहे, पुन्हा डॉक्सीच. टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे, आणि स्क्रब टायफस याहून वेगळा, तो चिगर माइटच्या पिल्लांमुळे होतो.

आमच्याकडचे लोक इथे वाचत असतील म्हणून: दोडामार्ग, सावंतवाडी आणि पलीकडे गोव्यात सत्तरी, इथला माकडताप ही वेगळी गोष्ट. तो विषाणू १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला, आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात आहे. वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, जंगलातली गोचीड. हंगाम डिसेंबर ते मे, नेमका काजूचा. त्यात मांजराला दोष देऊन उपयोग नाही, पालापाचोळ्यातून माणूसच ती अंगावर घेतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ. माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं. आपण हातापायाला लावतो ते गोचीड-डास पळवणारं डीट मांजराला लावू नका, आणि लावलेल्या हातांनी कुरवाळूही नका.

खिडकीतली_माऊ

पिपेट कपाटाबाहेर काढून टाकली. उद्या सकाळी आधी पीसीआरचा नमुना, मग डॉक्सी. अजून दोन गोष्टी. गोचीड ओढताना तोंडाचा काळा भाग कातडीत राहिलाय, तिथे गाठ आली आहे. आणि हिला पुढे प्रतिबंध म्हणून काय? शेजारी कडुनिंबाचं तेल आणि कापूर लावायला सांगतात, कुणी खाण्यात लसूण म्हणतं. गॅलरीत पाच आठवड्यांचं एक पिल्लूही येतं.

शेपटीचा_डॉक्टर

राहिलेला तुकडा सुईने उकरू नका. शरीर तो आपोआप बाहेर ढकलतं, गाठ दोनतीन आठवडे राहते. पू आला किंवा वाढत गेली तरच दाखवा. पुढच्या वेळी बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी टेकवून, गोचिडीच्या पोटाला नाही तर तोंडाला पकडून, सरळ वर, एकसारख्या ताणाने. झटका नाही. खाचेचा हूक वापरत असाल तर तो फिरवायचा असतो, चिमटा फिरवायचा नसतो. या दोघांची गल्लत झाली की तोंड तुटतं. रॉकेल, खोबरेल, मीठ, उदबत्तीचा चटका, यांनी गोचीड सुटत नाही, गुदमरून पोटातलं जखमेत ओकते, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. नखाने चिरडू नका. स्पिरिटच्या बाटलीत टाका, तारीख लिहा. पुढे ताप आलाच तर ती बाटली कामाची.

लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. तुमच्या मांजरीला आत्ता लसूण म्हणजे आगीत तेल. शिवाय रिपोर्ट असा गोंधळतो की हिमोप्लाझ्मा की लसूण हे ओळखता येत नाही. कापूर, नीलगिरी, टी ट्री, सगळं नको.

प्रतिबंधाला खोक्यावर मांजराचं चित्र आणि वजन छापलेलंच घ्या. फिप्रोनिलची मांजराची पिपेट ०.५ मिलीची असते. मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून कातडीवर, आणि आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नाही. घरात ससा असेल तर फिप्रोनिल घरातच नको. नुसतं सेलामेक्टिन पिसवा आणि कानातल्या माइट्सना छान, मांजरावरच्या गोचिडीला भरवशाचं नाही. त्यासोबत सारोलॅनर असलेलं किंवा फ्लुरालॅनरचं मांजराचं औषध मिळालं तर जास्त चांगलं. पण हे सगळं ताप उतरून ती नीट खायला लागल्यावर. आत्ता हाताने काढा.

पिल्लाला पिपेट नको. ०.२५ टक्के फिप्रोनिलचा स्प्रे दोन दिवसांच्या पिल्लालाही चालतो, किलोला ३ ते ६ मिली. १०० मिलीच्या बाटलीचा एक दाब ०.५ मिलीचा असतो, म्हणजे अर्ध्या किलोच्या पिल्लाला ३ ते ६ दाब. तोंडावर फवारू नका, हातमोज्यावर घेऊन चोळा. हवेशीर जागा, वाळेपर्यंत आईपासून दूर, आणि थंडी वाजू देऊ नका.

मिझुरी_मराठी

अमेरिकेतल्या मंडळींसाठी एक जोड, कारण इथे चित्र उलटं आहे. मिझुरी, आर्कान्सा, ओक्लाहोमा भागात मांजरावर गोचीड दिसली आणि चारसहा दिवसांनी नाही तर दहापंधरा दिवसांनी ताप १०४ च्या वर गेला, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. सायटॉक्सझूनोसिस. परजीवी सायटॉक्सझून फेलिस, साठा बॉबकॅटमध्ये, वाहक पाठीवर पांढरा ठिपका असलेली लोन स्टार गोचीड. १९७६ मध्ये मिझुरीतूनच पहिलं वर्णन आलं. डोळे-कान पिवळे, श्वास जोरात, आणि उपचाराविना आठवड्याभरात मृत्यू. ॲटोव्हाक्वोन किलोला १५ मिग्रॅ दर ८ तासांनी आणि ॲझिथ्रोमायसिन किलोला १० मिग्रॅ दिवसातून एकदा, १० दिवस. एवढं करूनही साधारण ६० टक्केच जगतात. ॲटोव्हाक्वोन स्निग्ध खाण्यासोबत, नाहीतर शोषलं जात नाही. इथे डॉक्सीवर भरवसा ठेवून दोन दिवस घालवणं म्हणजे मांजर घालवणं. भारतातून मांजर घेऊन या भागात येणार असाल तर गोचिडीचं औषध विमानात बसण्याआधीच सुरू झालेलं हवं, आणि एप्रिल ते सप्टेंबर तिला बाहेर सोडू नका.

लेन्सखाली

माऊताई, उद्या नमुना देताना दोन नळ्या द्या आणि कानाच्या थेंबाचे दोन स्मिअर तिथेच करून, वाळवून, त्यावर वेळ लिहून द्या. आणि पॅथॉलॉजिस्टला सांगून ठेवा की न्यूट्रोफिलमध्ये (एक प्रकारची पांढरी पेशी) लांबट, कॅप्सूलसारखं काही दिसलं तर नोंदवा. तो हेपॅटोझून फेलिस हा परजीवी. १९०८ मध्ये पॅटन यांनी त्याचं पहिलं वर्णन भारतातल्याच मांजरातून केलं. बहुतेक वेळा तो गुपचूप असतो, पण दिसला तर हिमोप्लाझ्मासोबत एफईएलव्ही-एफआयव्ही तपासायचं आणखी एक कारण. सात दिवसांनी हिमॅटोक्रिट पुन्हा करा, त्याच लॅबमध्ये. वेगळ्या मशीनवरचे १९ आणि २२ एकमेकांशी लावून बघता येत नाहीत.